डाळ मिल वगळून बाकीची निरवानिरव

मी, श्रेयांस केशरीचंद गोलेच्छा, वय वर्षे सत्तावन्न, अविवाहित, राहणार शेलूबाजार, तालुका मंगरूळपीर, जिल्हा वाशिम, व्यवसाय डाळ मिल आणि हौसेने एका दैनिकाची बातमीदारी, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा दाखला डॉक्टर जमशेद यांनी दिला आहे व माझी आई भंवरीबाई हिने त्यावर शंका घेतली आहे. मी नशेत नाही. आमच्या घरात कांदासुद्धा येत नाही. कोणी दबाव आणलेला नाही. खाली जे जे देत आहे ते माझ्या कमाईचे आहे, आणि ते राजीखुशीने, किंबहुना सुटल्याच्या आनंदात देत आहे.

कलम १. गेल्या जानेवारीत केलेले माझे मृत्युपत्र या लेखाने रद्द समजावे. ते कोणाला सापडल्यास वाचू नये. वाचल्यास निदान आईसमोर हसू नये. ते मी अकोल्यात दवाखान्याच्या बाकावर लिहिले होते. उभा जन्म मिलच्या घरघरीवर आवाज चढवून बोलल्यामुळे माझ्या घशात गाठ झाली होती. ती काढून तपासणीला पाठवली होती आणि अहवाल यायचा होता. अशा वेळी माणूस जे लिहितो त्याला मृत्युपत्र म्हणणे चूक आहे. मेल्यावरही ओरडता यावे म्हणून केलेला तो बंदोबस्त असतो.

त्यात मी डाळ मिल माझा पुतण्या अर्पित याला दिली होती, पण अटींवर. सकाळी आठला गादीवर बसावे. साल सुटावे म्हणून तुरीला तेल-पाणी देण्याची रीत बदलू नये. मोईन मिस्त्रीला विचारल्याशिवाय चाळण्यांना हात लावू नये. शेलूबाजार सोडून जाऊ नये. यातली एकही अट मोडली तर मिल विकून सगळे गोशाळेला द्यावे. गायींना मिल चालवता येत नाही हे मला ठाऊक होते. अर्पितला येते की नाही, हे ठाऊक नव्हते, कारण त्याला मी कधी चालवू दिली नव्हती.

अहवाल आला. गाठ साधी निघाली. डॉक्टरांनी फक्त होळीपर्यंत एकही शब्द बोलायचा नाही असे बजावले. आई म्हणाली, औषध म्हणून गप्प बसशील तर नुसता घसा बरा होईल, मौनव्रत म्हण, म्हणजे पुण्यही लागेल. आमच्या घरात काही वाया जात नाही.

कलम २. बसस्टँडमागचे माझे राहते घर आईच्या हयातीत आईचे. तिच्या पश्चात ते माझी पुतणी खुशबू हिचे. ती हिंगोलीला सासरी सुखात आहे, तरी माहेर हे आठवणींचे असून भागत नाही, त्याला किल्ली लागते. अर्पित आणि खुशबू या भावंडांचे वडील, म्हणजे माझे थोरले बंधू, लवकर गेले. तेव्हापासून ही दोघे माझीच आहेत. या मृत्युपत्राची अंमलबजावणी खुशबूने करावी. घरात न ओरडता काम करून घेणारी ती एकटीच आहे.

कलम ३. बँकेतल्या ठेवी दोघा भावंडांना निम्म्या निम्म्या. यावर भाष्य नाही.

कलम ४. माझी संस्कृतची पुस्तके ज्याला वाचायची असतील त्याने न्यावीत. शोभेसाठी कोणी नेऊ नयेत. ते काम त्यांनी माझ्याकडे पुष्कळ केले आहे. मला संस्कृतचा मास्तर व्हायचे होते. एम.ए.चा निकाल लागला त्याच आठवड्यात वडिलांनी बोलावून गादीवर बसवले. वाक्यात कर्ता दिसला नाही तरी क्रियापदाचे अडत नाही, हे मी कॉलेजात शिकलो होतो. मिलमध्ये तेच शिकायला घशाचे ऑपरेशन लागले.

कलम ५. माझी मोटारसायकल मोईन मिस्त्रीला. तिचा आरसा फुटका आहे हे त्याला माहीत आहे, कारण तो त्यानेच फोडला.

मोईनच्या संदर्भात एक प्रसंग नोंदवून ठेवतो. दोन वर्षांपूर्वी आम्हा व्यापाऱ्यांनी वाशिमच्या एका मंगल कार्यालयात नेतृत्व आणि व्यक्तिमत्त्व विकासाचे शिबिर भरवले होते. शिकवायला नागपूरहून निकिता मॅडम आल्या होत्या. अर्पितला मी हौसेने पाठवले, आणि त्याचे व्यक्तिमत्त्व नीट विकसित होते आहे की नाही हे पाहायला स्वतःही गेलो. मोईनला सोबत नेले. एका खेळात मालकाने डोळे मिटून पाठीमागे पडायचे होते आणि त्याच्या माणसांनी त्याला झेलायचे होते. याने विश्वास वाढतो असे मॅडमचे म्हणणे होते. मी डोळे मिटले, विश्वासाने पडलो आणि थेट सतरंजीवर गेलो. मोईन हात मागे बांधून अदबीने बाजूला उभा होता.

मी विचारले, "काहून रे, झेललं नाही?"

तो म्हणाला, "तुमी म्हटलं कुठी शेटजी, झेल म्हून?"

सभागृह हसले. मॅडम मात्र हसल्या नाहीत. जेवणाच्या वेळी ताट घेऊन माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, सर, तुमची माणसं फार चांगली आहेत, पण ती सगळी तुम्हीच आहात. मला त्यांचा राग आला. तो राग मी जपून ठेवला होता. पुढचे कलम पाहावे.

कलम ६. माझे राग. संवत्सरीला आम्ही सगळ्यांची क्षमा मागतो आणि सगळ्यांना क्षमा करतो, पण मी काही राग वर्षानुवर्षे त्यातून वगळत आलो. ते आता निकाली काढतो. निकिता मॅडम यांच्यावरचा राग मागे घेतो आणि त्यांच्याकडे एक किलो फटका, म्हणजे पहिल्या प्रतीची, तूरडाळ पोचती करावी असे सांगतो. केनवडचे एक गृहस्थ माझ्या बातम्या स्वतःच्या नावावर छापून आणतात. त्यांच्यावरचा राग तसाच ठेवतो. मेलेल्या माणसाजवळ थोडे काहीतरी असावे.

कलम ७. या कलमात मिळकत नाही, पण हे वाचल्याशिवाय पुढचे कळणार नाही.

मौन सुरू झाल्यावर मी घरी बसावे अशी अपेक्षा होती. तूर भरात होती, म्हणून मी रोज गादीवर जाऊन बसलो. बोलायचे नाही एवढेच ठरले होते, दिसायचे नाही असे नव्हते. आणि तिथे मला माझ्या नेतृत्वाचे खरे रूप पाहायला मिळाले. मी माशी हाकलली तर मोईनने मशीन बंद केली. मी शाल ओढून घेतली तर हमालांनी शटर खाली केले. डुलकीत मान हलली तर मेडशीच्या एका शेतकऱ्याची ओली तूर पास झाली. सगळे मिळून माझ्याकडे असे पाहत होते, जसे ज्योतिषी पंचांगाकडे पाहतो. पंचांगाला काही म्हणायचे आहे की नाही, हे कोणी विचारत नाही.

त्याच आठवड्यात अर्पित माझ्यासमोर येऊन बसला. घरात आम्ही मारवाडी बोलतो, पण हा पोरगा रागावला की वऱ्हाडीवर येतो.

"काका, तुमाले बोलता येऊन नाही राह्यलं म्हून सांगतो," तो म्हणाला. "पुण्याले कंपनीत नोकरी भेटली मले. पाडवा झाला का जातो. आठ वर्षं झाले, मी या मिलमंदी काईच ठरोलं नाही. चहा केव्हा सांगाचा, थेबी तुमीच ठरोता."

लिहून बोलण्यासाठी जवळ ठेवलेली पाटी मी ओढली आणि खडू शोधू लागलो. तो उठून गेला. जानेवारीतल्या मृत्युपत्रात मी त्याला गावात बांधून ठेवण्याची तजवीज केली होती, आणि तो तर मी जिवंत असतानाच निघाला होता.

नंतर दोन-तीन दिवसांनी दुपारी आभाळ भरून आले. तेल-पाणी दिलेली तूर पटांगणभर उन्हात पसरली होती. ती भिजली तर वाळवणीची सगळी मेहनत जाते आणि भरडताना डाळीचा चुरा होतो. गोळा करायची की पसरलेली ठेवायची, एवढाच प्रश्न होता. सगळी माणसे फावडी घेऊन उभी राहिली आणि त्यांनी माझ्याकडे पाहिले. पाटीवर लिहायला वेळ नव्हता, म्हणून मी दोन्ही हात हवेत फिरवून गोळा करा असे खुणावले. त्यांनी ते अजून पसरा असे वाचले, आणि होती ती तूर आणखी विरळ करायला लागली. मी उठून जोरात हात हलवले. ती आणखी जोरात पसरू लागली.

तेव्हा अर्पित पटांगणात उतरला, माझ्याकडे पाठ करून उभा राहिला आणि म्हणाला, "काकाइकडे पाहू नोका. आभायाकडे पाहा. अन् सांगा मले, काय वाटून राह्यलं?"

असे कोणी कोणाला आमच्या मिलमध्ये विचारले नव्हते. मग मोईन म्हणाला, येईल वाटते. निवडणीवरच्या सरवरीबाई म्हणाल्या, नाही येणार, वारा मंगरूळकडून आहे. दोन हमालांची दोन मते झाली. अर्पितने सगळ्यांचे ऐकून घेतले आणि तूर गोळा करायला सांगितली. बघता बघता ढीग झाले, ताडपत्र्या पडल्या.

आणि पाऊस आलाच नाही. तासाभरात लख्ख ऊन पडले. अख्खा दिवस वाया गेला.

आता शेटजी काय करतात, हे सगळे पाहत होते. खरे सांगायचे तर मी तोंड उघडले होते. घशातून फक्त हवा आली. डॉक्टरांनी त्या दिवशी कोणाला वाचवले हे त्यांना माहीत नाही.

अर्पितच बोलला. सरवरीबाईंकडे वळून म्हणाला, "माह्यं चुकलं. तुमचं बराबर होतं. उद्या पुन्यांदा पसरू."

"चुकनच कदी कदी," सरवरीबाई म्हणाल्या. "आभाय काय आपल्या घरचं हाय?"

मोईनने फावडे भिंतीला टेकवले आणि चहा सांगितला. कोणाला न विचारता सांगितला. छप्पर कोसळले नाही. मी गादीवर बसून सगळ्यांबरोबर चहा प्यालो. वडिलांनी मला गादीवर बसवले त्या दिवसापासून छातीवर जे ओझे होते, ते उतरले. मरणाला मी तितकासा भीत नव्हतो. माझ्यामागे इथे चूक झाली तर काय, याला भीत होतो. आता चूक झाली होती, मी समोर होतो, आणि चहात आले बरे पडले होते.

कलम ८. माझ्या निधनाच्या बातमीत न भरून निघणारी पोकळी वगैरे छापू नये. गेली वीस-बावीस वर्षे अशा बातम्या मीच लिहिल्या आहेत, त्यामुळे मला त्यातले कळते. माझी पोकळी भरून निघालेली मी जिवंतपणी, पटांगणात, उन्हात पाहिली आहे. फोटो तरुणपणीचा वापरला तरी हरकत नाही.

कलम ९. डाळ मिल.

मिल या मृत्युपत्रात नाही. होती. पाडव्याआधी मी कच्चा मसुदा केला, त्यात मिल कोणत्याही अटीविना अर्पितला लिहून दिली. गावात राहा, पुण्याला जा, चालव, वीक, तुझे तू ठरव, असे लिहिले, आणि मोठ्या उदारपणे त्याला वाचून दाखवले. माझा आवाज नुकता परत आला होता आणि तो मला फार गोड वाटत होता. अर्पितने शेवटपर्यंत ऐकले.

"काका," तो म्हणाला, "हे तुमी मेल्यावर न? मंग तवपर्यंत मी काय करू? तुमच्या मरणाची वाट पाहू?"

आई आतून म्हणाली, पोरगा बरोबर बोलतो आहे.

मी रात्रभर विचार केला असे लिहिण्याची पद्धत आहे. मला तेवढा वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही मंगरूळपीरला गेलो आणि मिल हयातीतच अर्पितच्या नावे करणारे बक्षीसपत्र नोंदवले. पुण्याच्या कंपनीला काय कळवले, हे मी विचारले नव्हते. परतताना जीपमध्ये त्यानेच सांगितले: "नाही म्हून सांगतलं. आता कायले जाऊ? इथं पह्यल्यांदा चुकाले भेटून राह्यलं."

त्यामुळे माझ्या मरणावर आता कोणाचे काही अडलेले नाही, आणि मलाही ती घाई नाही. अर्पितने मला मिलमध्ये कामावर ठेवले आहे. तूर विकायला आलेल्या शेतकऱ्यांना चहा द्यायचा, दाणा दाताखाली धरून ओलावा सांगायचा, आणि माझे मत विचारले तरच द्यायचे, असे काम आहे. विचारतात, पण ऐकतातच असे नाही. हे मृत्युपत्र पूर्ण करण्यासाठी आज मी अर्ध्या दिवसाची रजा मागितली होती. त्याने हंगामाची आठवण करून दिली, मोईनला विचारले, आणि मंजूर केली.

येणेप्रमाणे लिहिलेले मी पुन्हा वाचले, मला पटले, आणि दोन्ही साक्षीदारांच्या समोर सही केली.

श्रेयांस केशरीचंद गोलेच्छा
(सही)

साक्षीदार:
१. डॉक्टर जमशेद, शेलूबाजार. यांनी मृत्युपत्र करणाऱ्याची नाडी व बुद्धी दोन्ही तपासली. (सही)
२. इंद्रभान, निवृत्त शिक्षक, केनवड. कलम ६ मधील गृहस्थ ते हे नव्हेत, असे त्यांच्या आग्रहावरून नमूद केले. (सही)

ठिकाण: शेलूबाजार
दिनांक: ३० एप्रिल २०२५, अक्षय तृतीया. दुपारी दोनच्या आत, कारण त्यानंतर कामावर हजर व्हायचे आहे.