कृष्णाजीरावांना परांचीवरून उतरवल्याची हकीगत

राजाजीनगर, बंगळूर
१४ मार्च १९९४

तीर्थरूप गुंडोमामांना प्राणेशचा परांचीच्या दुसऱ्या थरावरून वाकून नमस्कार (वाकलोय, पण एक हात वाशाला धरून). मामींचा दमा आता कमी असेल. तुमचा उजवा गुडघा कसा आहे? नीट कळवा, यंदा मला त्याची खरोखर काळजी आहे.

बी.एस्सी. अर्ध्यात सोडली तेव्हा तुम्ही म्हणाला होता, हा कुठे टिकायचा नाही. मामा, माझं कामच न टिकण्याचं आहे. शिवकुमार अण्णा मिस्त्रींच्या हाताखाली रोजावर परांच्या बांधतो. सुरूचे वासे उभे करायचे, काथ्याच्या दोरीने आवळायचे, गवंड्यांचा गिलावा झाला की सगळं सोडून दुसऱ्या साइटवर. याचं आजवर दुःख नव्हतं. पण इथल्या घरमालकांची, कृष्णाजीरावांची, मुलगी कावेरी रोज गच्चीत कपडे वाळत घालते (मी मुद्दाम बघत नाही, काम त्याच बाजूला आहे). आठवडाभरात परांची उतरणार आणि मीही जाणार. तेवढ्यात त्यांच्याशी बोलायचं होतं, आणि ते माझ्याशी 'ए, बाजूला हो' याच्यापुढे जात नव्हते.

आमच्यात रीत अशी, की ज्याने परांची बांधली त्यानेच आधी सर्वांत वरच्या फळीवर तीनदा पाय आपटायचे, मगच गवंडी चढतात. गेल्या सोमवारी मी चढणार, एवढ्यात कृष्णाजीराव म्हणाले, "कॉलेज अर्ध्यात सोडणारा दोरी तरी पुरती बांधतो काय?" कावेरी वरून ऐकत होती. माझं डोकं फिरलं. म्हटलं, मग तुम्हीच चढून बघा. आणि मामा, तेही माझ्याच जातकुळीचे तापट. लुंगी खोचून तीन मजले चढले, फळीवर तीनदा पाय आपटले, आणि मग खाली बघितलं.

त्यानंतर दीड तास त्यांनी वासा सोडला नाही. त्या भिंतीला खिडकी एकही नाही, आणि गच्चीचा कठडा फळीपासून पुरुषभर उंच. समोरच्या दुकानातली गिऱ्हाइकंसुद्धा रस्त्यात येऊन उभी. शेवटी मी चढलो, माझ्या आणि त्यांच्या कमरेला दोर बांधला, आणि त्यांचा एकेक पाय हाताने धरून आडव्या वाशावर ठेवत निघालो. तिसऱ्या वाशावर मी विषय काढला (खरं म्हणजे दुसऱ्याच).

"कावेरीबद्दल बोलायचं होतं."

"आत्ता?"

"खाली तुम्ही बोलू देत नाही."

"स्वल्प थांब. आधी पाय धर."

"धरलाय."

"शिक्षण?"

"अर्धं. बाहेरून परीक्षा देईन."

मधल्या थरावर त्यांनी थांबून गाठी ओढून बघितल्या. एकही सरकली नाही. जमिनीवर पाय टेकल्यावर दोर सोडता सोडता म्हणाले, "सरी, ठीक आहे. घरातलं मोठं माणूस आण." आणि कावेरी वरून म्हणाली, "मला विचारायला आणखी किती मजले चढणार आहेस?" चढलो, विचारलं. हो म्हणाली.

तुमचा,
प्राणेश

ता. क. मोठं माणूस म्हणजे तुम्हीच. येत्या शनिवारच्या आत या. रविवारी परांची सोडतोय.

ता. क. दुसरा: कृष्णाजीराव आता गल्लीभर सांगतात, की भीती अशी नव्हतीच. ते सिद्ध करायला सुपारी वरच्या फळीवर बसूनच फोडायची असा त्यांचा हट्ट आहे. दोर मी बांधीन, पायही मीच धरीन. फक्त गुडघ्याचं उलट टपालाने कळवा.