मिस्त्रींनी बसवलेलं कुलूप

सोमवार
आले एकदाची! दवाखाना लहान, पण नर्सची खोली त्याच्या मागेच, त्यामुळे उशीर व्हायची सोय नाही. खोलीचं दार फार कुरकुरतं. डॉक्टरबाईंनी मिस्त्रींना बोलावलं. हसतमुख माणूस. जुनी कडी काढून नवं कुलूप बसवलं आणि किल्ली हातात दिली. एकच. एकट्या माणसाला पुरते म्हणाले. तपासणीच्या खोलीतली प्लायची भिंतही त्यांचीच.

गुरुवार
मिस्त्रींची बायको सुजलेलं मनगट घेऊन आली. तिने तोंड उघडायच्या आत सोबत आलेले मिस्त्रीच म्हणाले, पायरीवरून पडली. पायरीवरून पडलेल्या बाईच्या दंडावर बोटं उमटत नाहीत. प्रशिक्षणात शिकवलंय, नवऱ्याला बाहेर बसवा आणि एकटीला विचारा. बसवलं. घरी कुणी मारतं का, असं हळूच विचारलं. तिने ओठांवर बोट ठेवून भिंतीकडे पाहिलं. भिंतीला कान असतात म्हणतात; ही तर छतापर्यंत पोचतच नाही. पलीकडच्या बाकावर मिस्त्री. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शुक्रवार
मिस्त्री न बोलावता आले. माझ्या दाराच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. जाताना हसून म्हणाले, "सिस्टर, पायऱ्या सगळ्यांच्याच घरी असतात."
डॉक्टरबाईंना सांगितलं. तो मुंगीसुद्धा मारणार नाही, म्हणाल्या. मला भीती वाटतेय.

मंगळवार, दुपार
ती एकटी आली, पट्टी बदलायला म्हणून. या वेळी तिला माझ्या खोलीत आणलं. सगळं बोलली. मी म्हटलं, माझा तुमच्यावर विश्वास आहे, तुमची काही चूक नाही, पुढचं तुम्ही ठरवा. ती म्हणाली, "आज घरी गेले तर परत दिसणार नाही."
तिच्यासमोरच महिला आश्रमाला फोन केला. गाडी निघाली आहे. तोवर आतून कुलूप.

थोड्या वेळाने
मिस्त्री दवाखान्यामागच्या अंगणातल्या बाकावर बसलेत. खिडकीतून दिसतात. पोलिसांना कळवलं. कुणाला तरी कळावं म्हणून लिहितेय—

बाक रिकामा.
तिने विचारलं, हे कुलूप कुणी बसवलं?
सांगवेना. सांगितलं.
ती म्हणाली, ते दुसरी किल्ली नेहमी स्वतःकडे—

पलंग दाराला लावलाय. दोघी त्यावर बसलोय. कडी असती तर—
गाडीचा पत्ता नाही.

काहीच ऐकू येत नाही. दार कुरकुरत नाही आता. पण पलंग सरक—