चष्म्याच्या दुकानातली काचेची खोली

तीर्थरूप मामांना भाचीचा वाकून नमस्कार (पाया पडले आहे असं समजा, हात धुतलेले आहेत).

तुमची प्रकृती उत्तम असेलच, कारण तुम्ही तिला उंबरा ओलांडूच देत नाही. माझीही आता बरी आहे. मध्यंतरी छातीत कफ झाला होता, औषधांनी गेला. आईला कळवणार नव्हते, पण फोनवर तिने आवाज का बसलाय असं विचारलं आणि मी घडाघडा सगळं सांगून मोकळी झाले. आता ती रविवारी येते आहे, मला कायमची घरी न्यायला.

म्हणून नोकरीची हकिकत आधी तुम्हाला. चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईकाच्या नाकावर फ्रेम नीट बसवायची, हे माझं काम. (म्हणजे येईल त्याचा श्वास माझ्या तोंडावर. मुलाखतीत हे ध्यानातच आलं नाही. खोलीला खिडक्या किती, ते बघत होते.) पहिल्याच दिवशी समोर बसलेल्या आजोबांना मी विचारलं, सर्दी? घसा? जुलाब? आपल्याकडे पाहुण्याला पाण्याआधी हेच विचारतात, आणि सगळं जग तसंच करत असेल असा माझा समज. आजोबा म्हणाले, "पोरी, मला लांबचं दिसत नाही, एवढंच. पण विचारतेच आहेस तर..." आणि त्यांनी पोटाची अशी कुळकथा काढली की मागे रांग लागली.

मालकीणबाईंनी आत बोलावलं. सांगावंच लागलं, की मामांना आणि मला एकच आजार, घराण्यातून आलेला. जंतूंशी लढणारं सैन्य अंगात भरतीच झालेलं नाही, म्हणून दर आठवड्याला पोटाच्या कातडीखाली सुईने भाडोत्री सैन्य सोडावं लागतं. बाईंचे डोळे भरून आले. झालं! दुसऱ्या दिवसापासून मी काचेच्या खोलीत. फ्रेमी आणि काचा ट्रेमधून येत, मी बसवून दिलेले चष्मे ट्रेमधून जात. बाहेर सगळे डबा खाताना हसत, मला विनोद ऐकू येत नसे. (एकदा उगाच त्यांच्याबरोबर हसून पाहिलं. मला काही होतंय असं वाटून बाई धावत आल्या, आणि दारातच थबकल्या.) मामा, तिथे मला शिंकसुद्धा शिवली नाही, पण माझा डबा भरलेलाच परत जाऊ लागला.

सुटका केली ती भिंगं घासणाऱ्या काकूंनी. एक दिवस दार ढकलून आत आल्या. "डावी काच उजवीकडे बसवलीस, महाराणी! गिऱ्हाईक जिना समजून भिंत चढेल!" मी म्हटलं, काकू, मला जपावं लागतं हो. "जपू की. म्हणून तुझ्या चुकाही जपायच्या? मला सर्दी झाली तर लांबून ओरडेन." इतक्या दिवसांत मला पहिल्यांदाच कोणी रागावलं होतं. त्या दिवशी मी डबा चाटूनपुसून खाल्ला.

आता मास्क लावून बाहेर बसते. शिंकणारी गिऱ्हाइकं दुसऱ्या टेबलावर जातात. कफ झाला तो बाहेर बसायला लागल्यावरच, हे लपवत नाही. तरी मला इथेच राहायचं आहे.

तुमची,
भाची

ता. क. आई माझं ऐकणार नाही. तिचं एकच पालुपद: "मामाकडे बघ, घरात राहतो, कसा ठणठणीत आहे!" तेव्हा तुम्हीच तिच्याबरोबर या आणि घरात राहून कसं वाटतं ते तिला सांगा. मला सांगितलं होतंत तसं, खरं खरं.

आणखी एक. तुम्ही येताय असं आईला कळवून टाकलं आहे. औषध बरोबर आणा, शेजारी शेजारी बसून टोचून घेऊ. काकू विचारत होत्या, मामांवरही ओरडायचं का? मी हो म्हटलं.