पहिल्या दहा मोजण्या

बाबा, सध्या मी रत्नागिरीत आहे. किती दिवस, ते आईलाही सांगितलेलं नाही. कॉलेज अर्धवट सोडलं, मग हंपी, मग एका बोटीवर स्वयंपाकाला. ते सांगत बसले तर मूळ गोष्ट राहील, आणि मूळ गोष्ट तुमच्या पीएचडीची आहे.

तुम्ही स्वयंपाकघरात बसून लिहायचात, वारा तिथेच यायचा म्हणून. आई कोलंबी सोलतेय आणि तुम्ही तिला समजावताय: राजापूरची मुलं, त्यातली गणितात नापास झालेली, अशी यादी हवी असेल तर डेटाबेसने आधी काय शोधायचं, राजापूर की नापास? आई मान वर न करता म्हणते, "जे कमी असतील ते आधी काढा. बाकीच्यांत कशाला फिरायचं?" तुम्ही पेन खाली ठेवता. "अगो, हेच मी तीन वर्षं लिहितोय." "मग डॉक्टरेट मला द्या नि कोलंबी तुम्ही सोला." "पण कमी कोण, ते कॉम्प्युटरला अंदाजानंच ठरवावं लागतं. तो अंदाज सुधारतोय मी." खिडकीत उन्हाचा एक तुकडा हलत असतो. मी ऐकतेही आणि नाहीही.

तुमच्या नव्या पद्धतीने उत्तर किती वेळात येतं, ते मोजायचं काम सुट्टीत माझ्याकडे आलं. नियम एकच. एकदा वाचलेलं कॉम्प्युटर लक्षात ठेवतो, पुन्हा तेच विचारलं की चटकन देतो. म्हणून दर मोजणीआधी तो बंद करून चालू करायचा. जुन्या पद्धतीच्या सगळ्या मोजण्या मी तशाच केल्या. नव्या पद्धतीच्या दहा झाल्या आणि खाली मैत्रिणीने स्कूटरचा हॉर्न वाजवला. उरलेल्या मी बंद-चालू न करता, एकामागून एक उरकल्या. मग आरे-वारेचा तो रस्ता, दोन्ही बाजूंना उतरत गेलेले किनारे, पाणी इतकं पांढरं की समुद्र कुठे संपतो ते कळत नव्हतं. कधीकधी वाटतं, मी तिथून अजून परतलेच नाही. संध्याकाळी तुम्ही आकडे पाहिलेत, पुन्हा पहिल्यापासून पाहिलेत. मग म्हणालात, "अर्ध्या वेळात येतंय गो." तुमचा चेहरा पाहून मी गप्प राहिले. प्रबंध जमा झाला, आणि महिन्याभरात तुम्ही गेलात.

काल तुमच्या गाईडची एक विद्यार्थिनी घरी आली. तुमचंच काम पुढे नेतेय. सहा महिने तुमच्यासारखे आकडे यावेत म्हणून खपतेय, येत नाहीत. "माझंच काहीतरी चुकतंय, ताई." तिच्या डोळ्यांखाली काळं आलंय. मी सांगितलं, नव्या पद्धतीच्या पहिल्या दहा धर, बाकीच्या सोड, त्या बंद-चालू न करता घेतल्यात. तिने मोजण्यांची वही उघडून तिथेच पाहिलं. त्या दहांत तुमची पद्धत पुढे आहे, बाबा. थोडीशीच, पण आहे. तिने वही मिटली आणि सहज विचारलं, "सर असं कसं विसरले?"

मी म्हटलं, "तब्येत बरी नव्हती त्यांची."

तिचा नंबर आहे माझ्याकडे. सकाळपासून तीनदा काढला. मग हे लिहायला घेतलं, कारण तुम्हाला सांगणं सोपं आहे.