हफीजाच्या वतीने

८ जानेवारी १९८९, रविवार

पुन्हा उजळणी वर्ग. दिघेबाई रात्रभर एस.टी.त बसून मुंबईहून येतात, तोंड धुतात आणि थेट फळ्यापाशी उभ्या राहतात. त्यांना कंटाळा कसा येत नाही कोण जाणे. मला येतो.

दोन वर्षं झाली हे मानसेवी काम घेऊन. ज्या मुलांना स्वतःचं घर उरलेलं नाही, त्यांना संगोपनासाठी दुसऱ्या कुटुंबात ठेवतात. आम्ही त्यांना भेटत राहायचं आणि त्यांचं काही ठरवायची वेळ आली की बालकल्याण मंडळापुढे त्यांच्या बाजूने बोलायचं. एवढंच काम. पण दर महिन्याला त्याचं शिक्षण आहेच. आजही फळ्यावर तेच वाक्य — मुलाबद्दल बोलू नका, मुलाच्या वतीने बोला. आम्ही वह्यांत उतरवून घेतलं, जणू पहिल्यांदाच ऐकत होतो. शेजारी आप्पा मुळ्ये बसल्या बसल्या पेंगत होते. रिटायर झालेले हेडमास्तर, त्यांना कोण बोलणार!

आठवडाभर शाळेत पहिलीची पोरं, रविवारी हे. घरी आले तर कपडे तसेच भिजत पडलेले. हे म्हणाले, चहा टाकू का? टाका म्हटलं. त्यांनी टाकला, साखर विसरले.

११ जानेवारी

शाळा सुटल्यावर खाडीकाठी राजिवड्याला गेले. हफीजा तेरा वर्षांची, तिचा भाऊ रशीद सहाचा. आई गेली. बाप जहाजावर होता, तो दुबईकडे उतरला तो उतरलाच, खबर नाही. रुकय्या खाला म्हणून एक विधवा बाई आहेत, नात्याच्या नाहीत, त्यांनी दोघांना सांभाळलं. आता खालांची नजर गेली आहे. चुलीतला जाळ दिसत नाही म्हणतात. आपल्याच्याने होणार नाही असं त्यांनी मंडळाला कळवलं आहे.

मुलांचा मामा गुलाम रसूल केळशीला असतो. तो दोघांना न्यायला तयार आहे. ऐकून हायसं वाटलं. घरचं माणूस, भावंडं एकत्र. आणखी काय पाहिजे?

हफीजा रशीदला बांगड्याचे काटे काढून देत होती. तिला सांगितलं — मामाकडे जायचं, रशीदपण बरोबर, चांगलं आहे ना? ती हो म्हणाली.

एक काम सोपं निघालं.

१५ जानेवारी

गुडघे. लिहीत नाही.

१२ फेब्रुवारी, रविवार

वर्ग. आज दिघेबाईंनी जोड्या लावल्या. एकाने मूल व्हायचं, दुसऱ्याने मानसेवी. मानसेवीने एकदा विचारायचं आणि मग गप्प बसायचं. मूल बोलेपर्यंत गप्प.

माझ्या वाट्याला आप्पा आले, मूल म्हणून. सत्तरीचं मूल! मी विचारलं, तुला इथे कसं वाटतं? आप्पा खाली बघत बसले. मला ते सहन होईना. मीच म्हटलं, बरं वाटत असेल ना, जेवण मिळतं ना वेळेवर? दिघेबाईंनी पुन्हा करायला लावलं. दुसऱ्यांदाही तेच झालं. आप्पा मग मुलाचं सोंग सोडून हळूच म्हणाले,

"बागवेबाई, प्रश्न तुमचा आणि उत्तरही तुमचंच. मी कशाला हवा?"

सगळे हसले. मीही हसले. वर्ग संपताना दिघेबाईंनी प्रत्येकाला विचारलं — सध्या ज्या मुलाचं काम तुमच्याकडे आहे, ते त्याच्या स्वतःच्या शब्दांत शेवटचं काय बोललं?

मी आठवून पाहिलं. "हो." दुसरं काही आठवेना. कारण दुसरं काही नव्हतंच.

१५ फेब्रुवारी

राजिवड्याला गेले. हफीजा तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. विचारलं, मामाकडे जाण्याचं तुझ्या मनात काय आहे? आणि गप्प बसले. फार जड गेलं. दोन भाकऱ्या झाल्या. तिसरी तव्यावर पडली. रशीद बाहेर होड्यांपाशी खेळत होता, त्याचा आवाज येत होता. जीभ दाताखाली धरून बसले होते मी.

मग तव्याकडे बघतच ती बोलली.

"मामी पोटुशी हाय. चार पोरं हायत. मामा वाईट नाय बाई. पण तितं गेल्यावर माजी शाळा नाय होणार. आई आजारी पडली तवा मी सात वर्सांची होते. तवापासून रशीदला मीच केलं. मना परत कुणाची आई नाय व्हायचं."

भाकरी उलटली. म्हणाली, इथल्या मुलींच्या वसतिगृहात राहून मॅट्रिक करायचं आहे.

मी विचारलं, आणि रशीद? डोळे पुसले तिने, पण ते धुरानेही असेल.

१६ फेब्रुवारी

दिवसभर वर्गात पाढे म्हणायला लावून बसले. यांना सांगितलं. म्हणाले, सख्ख्या भावाला कोण असं टाकतं? खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटतं. तीच पंचाईत आहे. मला पटलेलं बोलणं सोपं होतं. आता न पटलेलं बोलायचं आहे, तेही जीव तोडून.

२२ फेब्रुवारी

पुन्हा गेले. आडपडदा न ठेवता सांगितलं — मंडळ नाही म्हणू शकतं. हो म्हटलं तर रशीद केळशीला आणि तू इथे. तो रडेल. मामाला वाईट वाटेल. तिने सगळं ऐकलं. या सगळ्याचा तिचा विचार आधीच करून झाला होता, माझाच व्हायचा होता.

स्वतः बोलशील का, विचारलं. तर म्हणाली, "तुमी बोला बाई. मी बोलले तर मामाला वाटंल त्याची तक्रार करते."

येताना भाट्याच्या पुलाकडे बघत थोडी उभी राहिले. किती दमले आहे मी. बारा मुलं झाली माझ्याकडे या दोन वर्षांत. त्यांच्यापैकी किती जणांचं "हो" मी असंच उचलून आणलं असेल?

१ मार्च, बुधवार

मंडळाची बैठक. रजा काढून गेले.

गुलाम रसूल इस्त्रीचा सदरा घालून आला होता. रशीदसाठी बिस्किटं आणली होती. नम्र माणूस. त्याची बायको मरियम दाराजवळच्या बाकावर, पोट घेऊन अवघडून बसलेली, धाकटं मांडीवर. तिच्याकडे कोणी पाहिलं नाही. मीही नाही.

मी बोलले. दिघेबाईंनी शिकवलं तसं, माझं काही न घालता, हफीजाचे शब्द होते तसे. "मना परत कुणाची आई नाय व्हायचं" हेही तिच्याच बोलीत म्हटलं.

अध्यक्ष भले गृहस्थ आहेत. चष्मा काढून पुसला. म्हणाले, मुलीची जात, वय लहान, आज असं वाटतं, उद्या भावासाठी झुरेल. रक्ताचं माणूस हात पुढे करत असताना वसतिगृहात कशाला? हफीजाला त्यांनी विचारलं, बाई म्हणतात ते खरं? ती उभी राहिली. "खरं हाय," म्हणाली आणि बसली.

निर्णय — दोघांनी मामाकडे.

गुलाम रसूल चिडला नाही. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाला, मी तिला कामाला नेतोय असं वाटलं का तुम्हाला?

४ मार्च

स्टँडवर सोडायला गेले. दापोलीच्या गाडीला गर्दी. हफीजाच्या डोक्यावर ट्रंक, एका हाताला रशीद, दुसऱ्या हाताला मामीचं धाकटं. अजून गाडीत चढलीही नव्हती, तर असं. खाला चाचपडत तिच्या तोंडावरून हात फिरवत होत्या.

माझ्याकडे बघून ती थोडं हसली. रडली असती तर बरं झालं असतं.

७ मार्च

काही नाही. शाळा. ताप आल्यासारखं वाटतं, पण नाही.

१२ मार्च, रविवार

वर्ग. संपल्यावर दिघेबाईंना सांगितलं की आता मला जमणार नाही. चांगलं ऐकायला शिकवलंत, म्हटलं, पण पुढे काय? आधी मी चुकीचं बोलायचे आणि काम व्हायचं. आता बरोबर बोलले तर पोरगी केळशीला धुणीभांडी करते आहे.

वाटलं होतं समजूत घालतील. त्या गप्प बसल्या. खरंच गप्प, किती तरी वेळ. मग म्हणाल्या, तिचं म्हणणं एकदा तरी चार माणसांत मोठ्याने बोललं गेलं, हे कमी नाही. मला ते पुस्तकी वाटलं. तसं सांगितलंही. त्या म्हणाल्या, असेल.

आप्पा स्टँडपर्यंत बरोबर आले. माझी पिशवी त्यांनीच घेतली होती.

१८ मार्च, शनिवार

सकाळची शाळा करून आले तर पायरीवर मरियम बसलेली. दिवस भरत आलेले, केळशीहून पहाटेच्या गाडीने आली. शेजारी हफीजा, ट्रंकेसकट.

पाणी दिलं. मरियम प्यायली, पदराने तोंड पुसलं. म्हणाली, हिला इथल्या वसतिगृहात ठेवायला नवऱ्याला तयार करण्यात दोन आठवडे गेले. "त्या दिवशी हिचं तुमी बोललात ना, तेच मना माज्या बापाला सांगायचं होतं. हिच्याएवढीच होते. माज्यासाठी बोलणारं कोण नव्हतं." रशीद तिच्याकडेच राहणार. त्याला आई मी, म्हणाली.

सोमवारी मंडळापुढे जायचं आहे. या वेळी मी नाही, मरियम बोलणार आहे.