दोघांमधली फट

नेकनूर, २ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप अर्जुनकाकांस,
तेजश्रीचे शि. सा. न. वि. वि.

घरच्या ग्रुपमधून आपण बाणेदारपणे बाहेर पडलात, म्हणून हा पोस्टाचा खटाटोप. अभिमन्यूदादाच्या लग्नपत्रिकेत बाबांच्या नावाला 'राव' लागलं आणि तुमच्या नावाचं राहिलं, तेव्हापासून आठ वर्षं तुम्ही सख्खे भाऊ बोलत नाही. एवढ्या घोर अन्यायावर मी काय बोलणार! पण फेब्रुवारीत माझं लग्न आहे. तुम्ही नसलात तर मला खरंच रडू येईल.

तूर्त एकच मागणी. येत्या बाराला, रविवारी, उजाडताना आमच्या बांधावर या. उगवत्या सूर्यासमोर तुम्हा दोघांचा फोटो काढायचाय. चेहरे दिसत नाहीत, नुसत्या काळ्या आकृत्या येतात. तेव्हा अब्रू शाबूत. दोघांमध्ये फट मात्र हवी, नाहीतर एकच गोळा होतो. फट ठेवायचा सराव तुम्हाला आहेच.

लोभ आहे, तो 'राव'सकट वाढावा.
आपली आगाऊ पुतणी,
तेजश्री

बीड, १८ जानेवारी

चि. सौ. कां. तेजश्रीस अनेक आशीर्वाद.

फोटो पोचला. पहिल्या एस.टी.नं उपाशी आलो. तू ढेकळांत पालथी पडून हुकूम सोडत होतीस, हनुवटी वर घ्या, हात अंगापासून लांब ठेवा, नाक बाजूनं दिसू द्या. आणि निघालं काय, तर चार पायांचा कोळसा! यात मी कुठला? तुझी काकू सत्यभामा म्हणते, पोट सुटलेला तो मी. तिची नजर लई अधू झाली आहे. देखणं नाक माझं, हे कुणीही सांगेल.

लग्नाचं म्हणशील तर पाय मुरगळलाय. जमेलसं वाटत नाही.

आशीर्वाद देण्यापुरता धडधाकट,
अर्जुनराव (नीट वाच)

नेकनूर, २२ जानेवारी

तीर्थस्वरूप काकांस शि. सा. न.

त्याच नाकावर बाबांनीही हक्क सांगितलाय. फट ठेवून काढलेले अकरा फोटो झकास आलेत. बाराव्याला कुणीतरी घसरलं, कुणीतरी धरलं. सूर्य डोळ्यांवर, मला काही कळलं नाही. बाबा म्हणतात, पाय त्यांचा सुटला आणि अर्जुनानं धरलं म्हणून हाडं वाचली. पिठाच्या गिरणीपर्यंत सगळ्यांना सांगून झालंय. एवढी कामगिरी तुम्ही पत्रात लपवलीत? तुमचा विनय आम्हाला नवा आहे. बाबांचं ऐकूनच तो बिघडलेला फोटो तुम्हाला धाडला होता.

चेष्टा पुरे. काका, मला मांडवात तुम्ही हवे आहात.

उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
तेजश्री

बीड, २७ जानेवारी

चि. तेजश्रीस आशीर्वाद.

कसली कामगिरी? घसरलो मी, धरलं माझ्या दादानं. असं धरलं की आठवडाभर दंडावर वळ होते. तुझ्या काकूला दिसू नयेत म्हणून मी थंडीचं निमित्त करून स्वेटर काढला नाही. आणि हा शहाणा माणूस मला मोठेपणा देत गावभर खोटं सांगत फिरतोय. ते वाचलं आणि मला पुढे जेवण गेलं नाही.

हळदीच्या आदल्या दिवशी येतो. या पत्रातलं दादाला काही बोलू नकोस. त्याच्याशी मला बोलायचंय.

तुझा,
काका