बाळू वैमानिक होणार

४ मार्च ९९, भुईगाव
अण्णांनी मागची वाडी बिल्डरला द्यायचं ठरवलं. बाळूला वैमानिक करायचं म्हणून. बारावीला मला भावापेक्षा जास्त मार्क होते, आईने हळूच विषय काढला. अण्णा हसले. "इमानात चूल नसते गो." आईसुद्धा हसली.

७ मार्च
काका आले. "तुला रे कसं सुचलं हे?" बाळू म्हणाला, "लहानपणी बावखलात पोहताना उताणा पडलो होतो. वरून विमान गेलं. तेव्हाच ठरवलं."
चोर! उताणी मी पडले होते. हा पाण्याला घाबरून काठावर रडत होता. वाडी त्याला, आता माझं विमानही त्यालाच. मी चहा दिला, कप विसळले.

११ मार्च
मिरच्या तोडल्या. पिकून लाल झालेल्या तेवढ्याच तोडायच्या. बाळूच्या टोपलीत अर्ध्या हिरव्या. नेहमीचंच. त्याला लाल-हिरवं कळत नाही, तो सहावीत असल्यापासून मला माहीत आहे. आळशी म्हणून अण्णा त्याला दोराने मारायचे. मी बोलले नाही कधी. माझ्या टोपलीचं कौतुक व्हायचं ना.
असल्या डोळ्यांचा माणूस वैमानिक होत नाही. सांगायला हवं. उद्या बघू.

१९ मार्च
सह्या झाल्या. नाही सांगितलं. दु. वाडीत कुऱ्हाडी चालू. अण्णा घरोघर पेढे देत फिरतायत. वाटू देत. फजिती बघायला मी पुढेच बसणार.

२८ मार्च
उद्या बाळूच्या डोळ्यांची तपासणी. संध्याकाळी खोलीत आला, दार लावलं. क्लासमधल्या मित्राकडून पुस्तक आणलंय, रंगीत ठिपक्यांत लपलेल्या आकड्यांचं. त्याला आकडे दिसत नाहीत.
"ताई, तू वाच. मी पाठ करतो."
म्हणजे ह्यालाही ठाऊक होतं!
"मग कशाला रे वैमानिक?"
"ते बावखलाचं तुझंच गं. काकांना काय सांगणार? मला फक्त अण्णांचा हात पोचणार नाही इतकं वर जायचंय."
लाज वाटली. रागही गेला नाही.
वाचून दाखवलं, पानामागून पान. आता ओटीवर डोळे मिटून घोकतोय, इथपर्यंत ऐकू येतं. मध्येच थांबला.
"ताई, सगळे बरोबर सांगितलेस ना?"
म्हटलं, "घोक."